माझ्या मापाचं हेल्मेट

११ जानेवारी, शनिवार

हेल्मेट आलं. माजिवड्याच्या वेल्डिंगच्या ट्रेनिंग सेंटरला हातात धरायची ढाल होती. एका हातात ढाल, दुसऱ्या हातात रॉडचा होल्डर, मग पाइप धरायचा कशानं? हे डोक्यावर बसतं. ठिणगी पेटली की काच आपोआप काळी होते, विझली की परत उजळते.

सगळी संध्याकाळ पट्ट्यांत गेली. आधी डोक्यावरून जाणारा पट्टा, मग मागची चावी. चावी जास्त फिरवली की कपाळ ठणकतं, कमी फिरवली की मान खाली घालताच हेल्मेट नाकावर येतं. अंबाडा सोडून खाली वेणी घातली तेव्हा कुठे बसलं. मग काच डोळ्यापासून किती लांब ठेवायची ते, मग मान झटकली की खाली येऊन नीट हनुवटीखालपर्यंत झाकतंय का ते. एवढं करूनही सगळं धुरकटच. मला वाटलं माल खराब आला. सान्वीनं येऊन काचेच्या कडेला नख घातलं आणि फिल्म सोलून काढली. आतल्या बाजूला पण एक होती. आठ वर्षांची माझी पोरगी, पण मोबाइलच्या काचा सोलून सवय.

सुदेश म्हणाला, "मस्त दिसतेस, रोबोट."

आई काही बोलली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. आई म्हणजे माझी सासू, सुदेशची आई, जनाबाई. आमच्या कोळीवाड्यात सासूला अगं-तुगंच करतात. सासऱ्यांची जाळी ठेवायची पडवी मी दुकानासाठी मागितली तेव्हाही ती काही बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी उठून पाहिलं तर पडवी रिकामी, झाडलेली. जाळी एकटीनं कधी हलवली कुणास ठाऊक. तिच्या मनात राग असणार. बोलली असती तर बरं झालं असतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीचा मुहूर्त धरला. शेजारच्यांच्या खिडकीची ग्रिल.

सुरू करण्याआधी सेंटरला शिकवलं तसं सगळं केलं. हेल्मेट उन्हात नेऊन काच काळी पडते का ते बघितलं. काच किती काळी होणार तो शेडचा आकडा लावला. काच ठिणगी किती पटकन ओळखणार आणि विझल्यावर किती वेळ काळी राहणार, ती दोन बटणं पण. ग्राइंडरनं घासायचं असेल तर एक वेगळी खूण आहे, तिथे बटण ठेवलं की काच काळी होतच नाही. घासून झाल्यावर ते परत फिरवायला विसरायचं नाही. दारावर खडूनं लिहून ठेवलंय.

गल्लीतली पोरं जमली. मी सगळ्यांना दम दिला की इकडे बघायचं नाही, डोळे जातील. पोरं ऐकतात का? शेवटी आईच आली. बाजारातून नुकतीच परतलेली, अंगाला माशांचा वास, हातात करंदीचं टोपलं. दारात थर्माकोलचा खोका उपडा घालून बसली आणि पोरांवर खेकसली, "चला रे घराला. डोले फुटतील."

पोरं गेली. ती बसून राहिली, करंदी सोलत.

ग्रिलचे टाके बरे आलेत. एक कोपरा वाकडा आहे. शेजारच्या वहिनींना कळलं नाही, मला कळलं.

१९ जानेवारी, रविवार

रोजचंच झालंय आता. आई दुपारी बाजारातून येते, जेवते आणि माझ्या दारात येऊन बसते. पोरं यायची थांबली तरी बसते. मी रॉड टेकवला की बघते, हातोडीनं जोडावरची खपली काढली की पुढे वाकून बघते. एक शब्द नाही. हातावर कुणाची तरी नजर आहे म्हटलं की माझं काम बिघडतं. आज पाइपला भोकच पडलं.

सुदेशला सांगितलं. शाळेच्या बसवर ड्रायव्हर आहे तो, रविवार म्हणून घरी होता. म्हणाला, "अगं, बसते तर बसू दे ना. बाबा गेल्यापासून दुपार तिला खायला उठते."

त्याला काय जातं सांगायला? मी चुकायची वाट बघतेय ती, असं वाटतं मला.

२ फेब्रुवारी, रविवार

आज आईनं तोंड उघडलं. मी काम थांबवून पाणी पीत होते. म्हणाली, "मना घालाला दे गो एकदा."

"काय?"

"ते. डोक्याव घालतेस ते. मना बगाचं हाय, तुना आत कसा दिसतंय."

मी म्हटलं, "आई, त्याची सेटिंग माझ्या डोक्याची आहे. तुझा अंबाडा केवढा. पट्टे सैल केले की मला परत सगळं जुळवत बसावं लागेल."

"बरं," म्हणाली आणि परत खोक्यावर बसली.

खोटं काही बोलले नाही. खरंच पट्टे एकदा हलले की दोन-तीन दिवस कपाळ दुखतं. आणि समजा हातातून पडलं तर? आतली काच फुटली तर नवं हेल्मेटच घ्यावं लागेल. तरी दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. उद्या देईन म्हणून ठरवलं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काम वाढलं. आईच्या शेजारी बाजारात रखमाबाई बसते, तिला मासळीसाठी टेबल हवं, लोखंडी सांगाडा, वर स्टीलचा पत्रा. तिच्या पलीकडच्या बाईला पण हवं. कोलशेत रोडवरच्या एका सोसायटीतल्या मॅडमचा फोन आला, बाल्कनीत कुंड्यांचा स्टँड पाहिजे. मी विचारलं, माझा नंबर कुणी दिला? म्हणाल्या, "आमच्या मासेवाल्या मावशींनी." मासेवाल्या मावश्या काय कमी आहेत ठाण्यात. पण नशीब उघडलं एवढं खरं.

हेल्मेट द्यायचं राहूनच गेलं. तिनंही परत मागितलं नाही.

काल सासऱ्यांचं वर्षश्राद्ध झालं. आईचे डोळे कालपासून लाल आहेत. सकाळी उठली तर पापण्या सुजलेल्या, उजेडाकडे बघवेना, पाणी खळत नाही. म्हणाली, डोळ्यात वाळू गेल्यागत वाटतं. रात्रभर रडली असणार. मी गुलाबपाणी आणून दिलं आणि म्हटलं, "आई, किती त्रास करून घेशील?" ती म्हणाली, "मी कवा रडले?" माझ्यापुढे कबूल करायची नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मी आईवर ओरडले. लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

कोणत्याही हेल्मेटला ठिणग्यांनी बाहेरची काच खराब होतेच. बारीक बारीक मणी चिकटतात. म्हणून रोज काम झालं की मऊ फडक्यानं पुसायचं, फार झालं की ती बाहेरची प्लास्टिकची पट्टी बदलायची. कपाळाची घामाची पट्टी काढून धुवायची. मी सगळं करते. हेल्मेट कधी जमिनीवर पालथं ठेवलं नाही, उन्हात विसरले नाही. पिशवीत घालून खुंटीला लावते. सान्वीच्या दप्तराची एवढी काळजी घेत नाही, असं सुदेश म्हणतो.

सकाळी भाजी आणायला गेले होते. आले तर आई मोरीवर हेल्मेट घेऊन बसलेली, काथ्या आणि भांड्याची पावडर. काच घासत होती. पूर्ण ओरखडे.

मी म्हटलं, "कुणी सांगितलं होतं तुला? तुला काय कळतं त्यातलं? परत माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही."

सान्वी ऐकत होती. आई हात पदराला पुसत उठली. म्हणाली, "मना वाटलं काच काली पडली. तुना दिसत नसंल."

बाहेरची पट्टीच गेली होती, आतलं सगळं ठीक होतं. नवी पट्टी लावायला काही मिनिटं लागली. आई जेवली नाही. दुपारी मात्र खोका घेऊन आपल्या जागेवर येऊन बसली. मी रॉड लावून काम सुरू केलं.

नव्या काचेतून एकदम स्वच्छ दिसतं.

६ मार्च, गुरुवार

रखमाबाई टेबलाचं माप द्यायला घरी आली होती. तिनं एक गंमत सांगितली. काल पहाटे धक्क्यावर आई पापलेटवाल्याशी भांडली. म्हणे, प्रत्येक पापलेटावर काळा डाग आहे, असला माल गिऱ्हाइकाला कसा देऊ? तो बिचारा एकेक मासा उलटून दाखवतोय, कुठे डाग नाही. रखमाबाई हसत होती. "जनाचा डोका फिरलाय. तीस वरसं मासली इकली, आता पापलेट कलंना."

मी पण हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, "होता डाग."

वय झालं आता. तिनं बाजार सोडावा असं मी सुदेशला म्हटलं. माझं काम चाललंय, घरी बसून आराम करू दे.

१३ मार्च, गुरुवार

होळी. वाड्यात दरवर्षी आई पुढे असते, गाण्याला आणि नाचायला. या वर्षी गायली, नाचली नाही. होळी पेटल्यावर बराच वेळ बघत उभी होती. मला म्हणाली, "मदी पेटली नाय गो होली. बाजूनं जाल हाय, मदी काली." मी म्हटलं, अगं, केवढी भडकलीय. ती डोळे चोळत घरात गेली. नैवेद्य पण माझ्याच हातात दिला.

सुदेश म्हणाला तिला बाबांची आठवण येते. मलाही तसंच वाटतं.

२५ मार्च, मंगळवार

आज मला कळलं. कळलं म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं. जसं झालं तसं लिहिते.

काल आईनं विळीवर बोट कापून घेतलं. खोल. बोंबील साफ करताना. जन्मात कधी तिला विळी लागलेली मी बघितली नाही. सुदेश बोट बांधत होता आणि ती त्याला माझं नाव घेऊन म्हणाली, "दक्षता, हलू गो." तोंड त्याच्याकडे होतं. तो म्हणाला, "आई, मी आहे." तिनं दुसऱ्या हातानं त्याचा गाल चाचपला. मग म्हणाली, "माणसाचा तोंड दिसत नाय मना. पाय दिसतात, केस दिसतात. मदला दिसत नाय."

किती दिवस, विचारलं तर म्हणे होळीच्या आधीपासून. सांगितलं का नाहीस? "तुमची कामं हायत."

आज ठाण्याला डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. मला वाटत होतं मोतीबिंदू असेल. डॉक्टर बाई तरुण होत्या. डोळ्यात औषध घातलं, थांबवलं, मशीनवर पडद्याचा फोटो काढला. फोटो बघून त्यांनी आईला विचारलं, "आजी, तुम्ही वेल्डिंगचं काम करता का?"

आई म्हणाली, "मी नाय. माजी सून करते." आणि असं म्हणाली की डॉक्टर बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. कुणी आपला मुलगा इंजिनिअर आहे म्हणून सांगावं तसं.

त्यांनी मला विचारलं, "तुम्ही हेल्मेट वापरता?"

मी म्हटलं, हो. चांगलं आहे. आपोआप काळं होणारं. रोज साफ करते.

"आणि या कुठे असतात तेव्हा?"

उत्तर आईनंच दिलं. "मी हिच्या म्होरं बसते, दारान."

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं. डोळे लाल होऊन वाळू गेल्यासारखं झालं होतं, तो वरचा दाह, तो जातो. पण तो उजेड रोज रोज सरळ बघितला की आतला पडदा बरोबर मध्यभागी भाजतो. नेमका तिथेच, जिथून आपण माणसाचा चेहरा बघतो. काही महिन्यांत थोडं भरून येईल. पूर्ण येईलच असं नाही.

परत येताना रिक्षात आई मध्ये बसली होती. सुदेश तिचा हात धरून होता. मला म्हणाली, "टेबलं कवा देणार रखमाला? पाडवा आला."

२७ मार्च, गुरुवार

दुकान बंद आहे. हेल्मेट खुंटीवर आहे.

मी सगळ्यांना सांगितलं होतं बघू नका म्हणून. पोरांना, सुदेशला, शेजारच्यांना. आईला मी एकदाही सांगितलं नाही. कारण मला वाटायचं ती माझ्याकडे बघत नाही, माझ्या चुका बघतेय. ती तिथून उठावी एवढंच माझ्या मनात होतं. डोळ्यांसाठी ऊठ म्हटलं असतं तर उठली असती. मी तेवढंच बोलले नाही.

आज तिला विचारलं, तू पोरांना हाकलायचीस, डोळे फुटतील म्हणून, मग स्वतः का बसलीस? म्हणाली, "पोरांचं डोलं नवं. माजं जून झायलं. जलम खाडीवरचा ऊन खाल्ला, या दिव्यानं काय होतंय म्हटलं."

सुदेश माझ्याशी भांडला नाही. रात्री जेवताना म्हणाला, "मी पण तिला तिथे बसलेली रोज बघत होतो." आणि ताट अर्धं टाकून उठला.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी आईनंच उभारली, गाठी चाचपून बांधली.

रखमाबाई आली होती. टेबल झालं नाही म्हणून मी माफी मागत होते, तिनं ऐकूनच घेतलं नाही. आईजवळ बसली, रडली. मग मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "तुना म्हाईत हाय का, ती आमाला काय काय सांगायची? रोज. आज माज्या सुनेनं असा जोड मारला, आज तसा. आगीला हात घालते नि कशी घाबरत नाय. गिऱ्हाइकाला मासली देताना सांगायची. लोखंडाचा काय काम हाय का, माजी सून करते. आमी कंटाललो ऐकून."

बाल्कनीतल्या कुंड्यांच्या मॅडम. मासळीची टेबलं. एका सोसायटीच्या गेटचं काम देणारे सेक्रेटरी, ज्यांनी मला विचारलं होतं, "जनाबाईंची सून ना तुम्ही?" आणि मी म्हटलं होतं, "मी दक्षता."

रखमाबाई गेल्यावर मी पडवीत जाऊन बसले. दुकान विकून टाकावं असं मनात आलं.

७ एप्रिल, सोमवार

आईनं विकू दिलं नाही. मी नुसतं बोलले तर म्हणाली, "माजं डोलं गेलं ते फुकट घालवतेस?"

पडवीला दारातून दिसणार नाही असा पत्र्याचा आडोसा केला आहे. बाजूच्या भिंतीला पांढरा चुना होता, उजेड त्यावरून पण उडतो, म्हणून ती काळ्या रंगानं रंगवली. वेल्डिंगचा जाड पडदा आणून लावला. हे सगळं जानेवारीत करायचं असतं. सेंटरला सांगितलं होतं. माझ्या वहीत लिहिलेलं पण आहे. मी हेल्मेटच्या चाव्या फिरवत बसले होते.

आज रखमाबाईचं टेबल पूर्ण केलं. बऱ्याच दिवसांनी हेल्मेट घातलं तर पट्टा बरोबर बसला, आईला घालायला दिलंच नव्हतं, काहीच हललेलं नव्हतं. ते मला सहन झालं नाही. काढून ठेवलं, तोंड धुतलं आणि मग परत घातलं.

२१ एप्रिल, सोमवार

आई आता बाजारात बसत नाही. एकदा गेली होती. रखमाबाईच्या शेजारी बसली. गिऱ्हाइकं ओळखीनं हाक मारतात, ही आवाजावरून ओळखते, पण सुटा मासा निवडताना अडते. दुपारी परत आली ती म्हणाली, "रखमाला दिली माजी जागा." दिली म्हणजे कायमची. तिच्या सासूपासूनची जागा ती.

तपासणीला जाऊन आलो. डॉक्टर बाई म्हणाल्या, सूज थोडी उतरली आहे. अक्षरांच्या तक्त्यावर आईला मोठी अक्षरं कडेनं लागली.

१२ मे, सोमवार

आई माझ्याशी बोलताना तोंड फिरवते. आधी लक्षात आलं नव्हतं. आता रोज दिसतं. मी समोर जेवायला वाढते, ती भिंतीकडे बघून "बस झालं" म्हणते. मी काही विचारलं की मान वळवून उत्तर देते. सुदेशशी पण कधी कधी तसंच करते, पण माझ्याशी जास्त.

राग आहे. असणारच. मी तिच्या जागी असते तर या घरात सुनेचं तोंड बघितलं नसतं. तरी मला वाटलं होतं तिनं माफ केलं. जानेवारीपासून मी तिच्याबद्दल जे जे लिहिलंय ते आज परत वाचलं. एक पान धड नाही.

वाड्यातल्या बायका पण बोलायला लागल्यात, जनाबाई हल्ली कुणाकडे सरळ बघत नाही, सुनेची कमाई आली म्हणून ताठा आलाय. काय सांगू त्यांना?

२० मे, मंगळवार

आज विचारलंच. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघीच. ती ओट्यावर बसली होती, सुकट निवडायला घेतलेली, बोटांनीच निवडते आता. मी तिच्या पुढ्यात जाऊन बसले. तिनं लगेच मान वळवली.

मी म्हटलं, "आई, मला शिव्या दे. पण अशी तोंड फिरवू नको. माझ्याकडे बघत का नाहीस?"

"बगतेय की."

"भिंतीकडे बघतेस तू."

ती सुकट चाळत राहिली. मग म्हणाली, "सरल बगलं का तू जातेस. मदी कालं येतं नि तुजं तोंडच जातं. असं बाजूला बगलं का मंग कडंनं दिसतेस. नाकातली नत पन दिसते. त्या डॉक्टरीननं शिकवलं मना, तुमी दोगं बाहेर बसलेले तवा."

माझा हात नथीकडे गेला.

"जरा सुकलीस," ती म्हणाली. "जेवत नायस बरोबर."

टोपली बाजूला ठेवून ती भिंतीकडे तोंड करून बसली. बराच वेळ. मी तिच्यासमोर होते तशीच बसून राहिले, हलले नाही.